तीनदा परत आलेली गाडी

दुरुस्त करून दिलेली गाडी परत आली की मला राग येतो. गिऱ्हाइकाचा नाही, माझा स्वतःचाही नाही, सरळ त्या गाडीचाच. तलासरीला हायवेच्या कडेला सव्वीस वर्षं माझं गॅरेज आहे. दापचरीपासून चारोटीपर्यंत कुणाची गाडी रुसली तर लोक आधी दशरथ मिस्त्रीला फोन लावतात आणि मग घरी कळवतात. त्यामुळे एखादं इंजिन मला बनवतंय असा नुसता संशय आला तरी माझं डोकं फिरतं. माझी बायको सुधा म्हणते, तुम्ही गाड्यांशी भांडता तसे माणसांशी भांडला असतात तर केव्हाच आत गेला असतात.

दिवाळीनंतर झिपरूची गाडी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मी हातातला पाना जमिनीवर आपटला. तो उडून माझ्याच नडगीवर बसला. म्हणजे सुरुवातच अशी झाली.

झिपरू कैनाडचा. वयाने माझ्याएवढाच, पंचावन्नच्या आतबाहेर. त्याचा सहाचाकी ट्रक सोळा वर्षांचा, पण बघणाऱ्याला तो तेवढा वाटत नाही, कारण झिपरू गाडी धुतो तशी लोक म्हैससुद्धा धूत नाहीत. पाऊस संपला की डोंगरातलं गवत कापून वखारीत येतं, तिथे दाबून त्याच्या गाठी बांधतात आणि त्या मुंबईकडच्या तबेल्यांना जातात. दिवाळीपासून होळीपर्यंत झिपरूचं तेच काम. मग उन्हाळाभर विटा, आणि अधूनमधून चिकूच्या पाट्या. तीस वर्षांत त्याच्या हातून एक कुत्रंसुद्धा मेलेलं नाही. आमच्या भागातले निम्मे ड्रायव्हर त्याच्या शेजारी बसून शिकले आणि उरलेले निम्मे आपण त्याच्याकडे शिकलो असं खोटंच सांगतात.

पहिल्यांदा तो आला गणपतीत. खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवला आणि आजारी पोराबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाला, "मिस्त्री, गाडी वढत नाय. चढाला लागली की नुसती वरडते, पुढं जात नाय. नि डिझेल तर पानी पिल्यासारखी पिते."

पूर्वी लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी साडेतीनवर आली होती. मी एअर फिल्टर काढला. गवताच्या कोंड्याने तो असा भरला होता की झटकला तर समोरचा चहावाला ओरडायला लागला. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, टॅपेट बसवले, चाकं उचलून ब्रेक कुठे घासतात का ते पाहिलं. मग स्वतः ट्रायलला घेऊन गेलो. दापचरीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. गाडी वासरासारखी उधळली.

"घे," म्हटलं. "तुझ्या गाडीला सर्दी झाली होती. नाक साफ केलं."

झिपरू हसला आणि गेला. दसऱ्याच्या आधी परत आला. तक्रार तीच, शब्दही तेच. या वेळी मी नोझल काढून वापीला तपासायला पाठवले, पंप उतरवला, टायमिंग पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग हॅन्डब्रेक ओढला, गाडी तिसऱ्या गिअरला टाकली आणि क्लच सोडला. असं केलं की इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं. हे बंद पडेना, घरघरत चालूच राहिलं. म्हणजे इंजिनात ताकद होती, पण क्लचमधून ती चाकापर्यंत पोहोचत नव्हती. इंजिन आपलं जोर लावतंय, डिझेल जाळतंय, आणि गाडी जागच्या जागी. गिअरबॉक्स उतरवला तर क्लचप्लेट जळून काळी ठिक्कर.

मला झालेला आनंद काय सांगू! मी नवी प्लेट बसवली, पेडलची ढील मापाने ठेवली, आणि दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटलो की वापीवाल्यांना जे मशीनवर सापडलं नाही ते दशरथने हॅन्डब्रेकवर पकडलं. झिपरूने पाटीभर चिकू आणून दिले. सुधा म्हणाली, आता तरी घरात नीट बोला.

आणि पाच आठवड्यांनी गाडी पुन्हा माझ्या दारात. मी हॅन्डब्रेक ओढला, तिसरा टाकला, क्लच सोडला. इंजिन घरघरतच राहिलं. जी प्लेट झिपरूच्या हाताखाली तीन-तीन वर्षं जायची ती पाच आठवड्यांत खलास. तेव्हाच तो पाना माझ्या नडगीवर बसला.

मी वापीच्या पार्टवाल्याला फोन लावून डुप्लिकेट माल विकतोस म्हणून नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "दशरथभाई, त्याच पेटीतल्या चार प्लेटा बीजा लोकांच्या गाडीत चालू छे. एकाचाबी फोन नाय आला. तुमचा ड्रायव्हर बघा." मी फोन आपटला.

त्या दिवशी झिपरूबरोबर त्याची बायको जमनाही आली होती. ती सहसा येत नाही. जुन्या टायरवर बसून ती माझा तमाशा बघत होती. मी फोन ठेवला तशी उठली आणि सरळ समोर येऊन उभी राहिली.

"मिस्त्री, मला खरं सांग. गाडी मेलीय का?"

"मेली कुठे? हे काय बोलतेस?"

"मंग जित्या गाडीचं असं होतं का? गेल्या हप्त्यात मेंढवणच्या खिंडीत चढाला थांबली. मागून ट्रेलर येत व्हता. हा मला सांगत नाय, मला बाकीचे सांगतात. मला भ्या वाटतं, मिस्त्री. मिथुन बोलला, आये, विकून टाकू. भंगारवाला गुरुवारी दुपारी येतोय. तू बोल गाडी चांगली हाय, तर मी त्याला वाटंला लावते. नायतर नेऊ दे त्याला."

मिथुन त्यांचा मुलगा, बोईसरला कंपनीत आहे. त्याला गाडीशी काही देणंघेणं नाही.

झिपरू गाडीच्या चाकाशी उभा राहून टायरच्या खाचेतला खडा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "गाडी गेली तर मी काय करू? घरी बसून कोंबड्या हाकू?" आणि मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "मिस्त्री, तिच्यात काय नाय. तू शोध. तुला सापडंल."

तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस असं विनवून बोलायला लागला की आपल्याला लाज वाटते. मला लाज वाटली की मी आणखीच चिडतो, हा माझा जुना दोष. पार्टवाल्याचे शब्द कानात होतेच. मी म्हणालो, "झिपरू, एक विचारू? क्लचवर पाय ठेवून चालवतोस काय, शिकाऊ पोरांसारखा?"

गॅरेजात दोन ड्रायव्हर आणखी होते. दोघांनीही वळून माझ्याकडे पाहिलं. नवीन शिकणारी पोरं गिअर टाकला तरी डावा पाय क्लचवरच विसावून ठेवतात. पेडल बोटभर दाबलेलं राहतं, प्लेट अर्धवट सुटते आणि घासून घासून जळते. पहिल्याच महिन्यात कानफटात बसून ही सवय मोडते. झिपरूने स्वतः किती पोरांच्या गुडघ्यावर फटके मारले असतील याची मोजदाद नाही. त्याला मी हे विचारलं, आणि तेही चार लोकांत.

त्याचा चेहरा पडला. "महालक्षुमीची आन," तो म्हणाला. "गिअर टाकला का माझा पाय खाली असतो. तुला वाटत आसंल मी आता तेबी इसरलो, तर वाटू दे."

जमना माझ्याकडे अशी बघत होती की मला तिथून निघून जावंसं वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता. सव्वीस वर्षं खोटं बोलणाऱ्या ड्रायव्हरांच्या तोंडासमोर उभा आहे मी, मला तेवढं कळतं. मग प्लेट जाळत कोण होतं?

मला एक गोष्ट सुचायला हवी होती, ती गणपतीपासून सुचली नव्हती. दुरुस्तीनंतर प्रत्येक वेळी ट्रायल मी घेतली होती. स्वतः चालवली, रिकामी चालवली, आणि प्रत्येक वेळी गाडी झकास पळाली. झिपरूच्या हाताखाली भरलेली गाडी काय करते हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. आम्हा मिस्त्री लोकांची ही खोडच आहे, ड्रायव्हरला उतरवायचं, आपण बसायचं, आणि मग त्यालाच सांगायचं की तुझ्या गाडीला काही झालेलं नाही.

"गुरुवारी सकाळी वखारीत गाठी भर," मी म्हणालो. "मी तुझ्याबरोबर येतो. तू चालवायची, मी बाजूला बसणार. दुपारी भंगारवाला यायच्या आत तुला सांगतो काय ते."

बुधवारी मी दुसरी नवी प्लेट बसवली. गुरुवारी सकाळी आठ वाजता गाडी भरून उभी होती, कॅबिनच्या वरपर्यंत गवत, दोर कचकचून बांधलेले. मी क्लीनरच्या बाजूने पायरीवर पाय ठेवला तोच झिपरू ओरडला, "मिस्त्री, बूट!"

मी विसरलोच होतो. चार-पाच वर्षांपूर्वी चैत्रातल्या जत्रेत त्याने विवळवेढ्याहून महालक्ष्मीचा फोटो आणला आणि काचेच्या वर बसवला. तेव्हापासून कॅबिनमध्ये पायताण बंद. देवी आत बसली असताना आपण चपला घालून कसं बसायचं, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या चपला तो दाराखालच्या पायरीला सुतळीने बांधून ठेवतो. मी ट्रायल घ्यायचो तेव्हा तो जवळपास नसला की मी खुशाल बूट घालून बसायचो, देवीने अजून तरी मला काही केलेलं नाही. आज मात्र मुकाट्याने बूट काढले आणि अनवाणी आत चढलो.

निघालो. पहिली दहा मिनिटं मी नुसता कान देऊन बसलो. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. झिपरूचा हात गिअरवर असा पडत होता की गाडीला कळूही नये. भरलेल्या गाडीचा गिअर तसा टाकणारा माणूस मला आजही दुसरा दाखवता येणार नाही. पहिल्या छोट्या चढाला गाडीने मान टाकली. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर गेला, इंजिन ओरडलं, वेग तिथेच. आणि जळक्या प्लेटचा तो ओळखीचा वास आला. कालच बसवलेली प्लेट!

मी वाकून इंजिनच्या पेटीला कान लावायला गेलो. या गाडीत इंजिन दोन्ही सीटच्या मधोमध येतं, वर पत्र्याची पेटी. तोल सांभाळताना माझा उजवा पाय त्या पेटीला टेकला आणि मी चटकन मागे घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. पेटीवरची जुनी गादी खालच्या बाजूला फाटून निघालेली.

"अरे, हे केवढं तापतंय! तुला भाजत नाही?"

"सवय झाली," झिपरू म्हणाला.

कसली सवय? हायवेवर हातगाडीवर भजी तळणाऱ्याला आचेची सवय होते, पण तो काही कढईत हात घालत नाही. मी खाली पाहिलं. झिपरूची डावी टाच त्या उघड्या पत्र्याला टेकलेली होती. माझा पाय जिथे क्षणभर टिकला नाही तिथे त्याचा पाय आरामात होता. आणि चवडा क्लचवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, पेडल दीड बोट आत गेलेलं दिसत होतं.

मला वाटलं आता सापडला. सगळा राग वर आला. चार लोकांत महालक्ष्मीची आण घेतोस आणि इथे माझ्यासमोर!

"झिपरू, पाय काढ."

"कुठनं?"

"क्लचवरून."

"काढलाय की," तो म्हणाला. त्याची नजर समोर रस्त्यावर होती. आवाजात ना चोरी, ना चीड.

पाय तिथेच होता.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.  मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "झिपरू, तुझा डावा पाय आत्ता कुठे आहे?"

"खाली पत्र्यावर. कुठं आसनार?"

मी पुढे वाकलो, त्याच्या गुडघ्याखाली हात घातला आणि पाय उचलून बाजूला ठेवला. गाडीने एकदम ओढ घेतली. काटा खाली आला, आवाज भरदार झाला, आणि सगळ्या गाठींसकट गाडी चढ चढायला लागली. झिपरू दचकला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली, आपल्या पायाकडे. आपला पाय कुणीतरी दुसऱ्याच जागी नेऊन ठेवलाय हे त्याला डोळ्यांनी बघून कळलं.

"बाजूला घे," मी म्हणालो. "हळू. घाई नाही. पाय बघून ठेव ब्रेकवर, दोन्ही पाय बघून ठेव."

महालक्ष्मीच्या फाट्याच्या अलीकडे त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मी पलीकडून जाऊन त्याचा डावा पाय हातात घेतला. टाचेच्या बाहेरच्या बाजूला मोठा फोड येऊन फुटलेला, त्याच्याभोवती कातडी काळी पडलेली, आणि खाली जुना, न भरलेला चट्टा. एका दिवसाचं काम नव्हतं ते. मी काळ्या कातडीच्या कडेला बोट दाबलं.

"दुखतं?"

"काय?"

मी पुन्हा विचारलं नाही.

मग तो हळूहळू बोलायला लागला. वर्षभर पायाला मुंग्या येत होत्या, मग त्याही थांबल्या, तेव्हा त्याला वाटलं बरं झालं. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि त्याला कळायचं नाही, दहा पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी हाक मारायचं. जमना हसायची. तहान खूप लागायची, पण ड्रायव्हरला तहान लागतेच. एवढंच. एवढ्यावर माणूस दवाखान्यात जातो होय?

"म्हंजी गाडीत काय नाय," शेवटी तो म्हणाला.

"काही नाही. ठणठणीत आहे. अजून पाच-सात वर्षं कुठे जात नाही."

मला वाटलं त्याला बरं वाटेल. त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.  शेजारून गाड्या जात होत्या, त्यांच्या वाऱ्याने आमची कॅबिन हलत होती.

"मिस्त्री, एक काम कर," तो म्हणाला. "घरी बोल, गाडी म्हातारी झाली. इंजिन गेलं म्हन. दुपारी तो येईल, घेऊन जाईल. लोकांना पटंल. जुनी गाडी, गेली. माझा पाय गेला आसं नको सांगू. सगळ्या गावात व्हईल, झिपरूला पाय कुठं ठेवला त्ये कळत नाय. ज्यांना मी शिकवलं ना, ती पोरं हसतील."

तीनदा हा माणूस माझ्याकडे गाडीची बाजू घेऊन आला होता. तिच्यात काय नाय, तू शोध. मी शोधलं, आणि आता तो मला तिच्यावरच खापर फोडायला सांगत होता. सांगताना त्याने एकदासुद्धा गाडीकडे पाहिलं नाही. मला रडू आलं. मी ते दाबलं, कारण रडणारा मिस्त्री कुणी पाहिलेला नाही, आणि म्हणालो, "बरं. तसं सांगतो."

खरंच सांगणार होतो. चांगल्या इंजिनाला मेलं म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण त्याच्यासाठी म्हटलं असतं.

"पण आधी दवाखाना," मी म्हणालो. "त्याच्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. सरक तिकडे."

तो क्लीनरच्या बाजूला सरकला. मी वखारीत फोन करून माल उद्या पोहोचेल म्हणून कळवलं आणि भरलेली गाडी घेऊन कासाच्या रस्त्याला लागलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण बोलायला खमक्या. बोटाला टोचून रक्त पाहिलं तर साखर चारशेच्या वर. त्यांनी जखम साफ केली, मेलेली कातडी कापली. झिपरू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. पट्टी बांधून झाल्यावर बाई म्हणाल्या, साखरेने पायाच्या नसा गेल्यात. गोळ्या नीट घेतल्या, जखम जपली, तर पाय वाचेल. उशीर झालाय, पण फार नाही. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आणि गाडी चालवायची नाही.

"किती दिवस?" झिपरूने विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काका, गाडीचं आता विसरा," त्या म्हणाल्या. त्यांनी ते शक्य तितक्या मायेने सांगितलं, हे मला कबूल करायला हवं.

मी गाडी कैनाडच्या रस्त्याला लावली. रस्ताभर मी मनात खोटं घोकत होतो. ब्लॉकला तडा गेलाय म्हणावं की क्रँक गेली म्हणावं? तडाच बरा, त्याला इलाज नसतो.

भंगारवाला आधीच येऊन बसला होता. खाटेवर चहा पीत होता, जमना दारात उभी. आम्ही अंगणात गाडी लावली आणि मी ड्रायव्हरच्या बाजूने उतरलो तेव्हाच जमनाच्या कपाळाला आठी पडली. झिपरूची गाडी दुसऱ्या कुणाला चालवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. मग झिपरू पलीकडून उतरला, आणि तिला पट्टी दिसली.

"पायाला काय झालं?"

"भाजलं जरा," झिपरू म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

"सांग मिस्त्री," जमना माझ्याकडे वळली. "काय हाय गाडीचं?"

मी घसा साफ केला. तोवर भंगारवाला उठून गाडीभोवती फिरायला लागला होता. किल्लीने पत्र्यावर टकटक करत म्हणाला, "अरे, यात विचारायचं काय? खटारा आहे नुसता. ओढत नाही, डिझेल खातो, सगळा तालुका सांगतो. इंजिन सडलंय आतून. मी नेतोय हे उपकार समजा." आणि त्याने पुढच्या चाकाला एक लाथ घातली.

"लाथ नको मारू," झिपरू म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण भंगारवाल्याचा पाय जागीच थांबला. झिपरू ओट्यावरून उठला होता. पट्टीचा पाय जमिनीवर नीट पडलाय का, हे त्याने खाली बघून घेतलं आणि मग मान वर केली.

"तिच्यात बारीकसाबी दोष नाय. इंजिन चांगलं, पंप चांगला, सगळं चांगलं. मिस्त्री आता तुला खोटं सांगनार व्हता, मीच सांगाय लावलं व्हतं." तो जमनाकडे वळला. "दोष माझ्या पायात हाय. मी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत व्हतो, जमना. दोन प्लेटा जाळल्या. मला म्हाईतच नव्हतं. पाय कुठं हाय त्ये मला कळतच नाय आता. खिंडीत गाडी नाय थांबली, मीच थांबवली."

 मी तोंडात तयार ठेवलेला तडा गिळून टाकला.

जमनाने भंगारवाल्याच्या हातातला रिकामा कप घेतला. "तू जा, दादा," ती म्हणाली. "गाडी चांगली हाय बोलतो ना तो. मिथुन शिकंल, नायतर दुसरा कोन चालवंल. आमाला विकायची नाय."

तो कुरकुरत गेला. जमना झिपरूजवळ गेली, त्याला दंडाला धरून ओट्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेतला. एवढ्या वर्षांत मी तिला त्याच्याशी चार लोकांसमोर कधी नीट बोलतानाही पाहिलं नव्हतं. पट्टीतून बाहेर आलेली बोटं ती एकेक करून दाबायला लागली, अंगठ्यापासून. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"कळतं का?" तिने विचारलं.

झिपरूने खाली वाकून पाहिलं, तिचा हात कुठल्या बोटावर आहे ते नीट बघून घेतलं, आणि मग म्हणाला, "व्हय. कळतं."

त्याने खाली बघितलेलं जमनाने पाहिलं होतं. ती पुढचं बोट दाबायला लागली.